संसद सर्वोच्च, मग माओरींचे हक्क कुणाच्या भरवशावर?

प्रश्न थोडक्यात असा आहे : न्यूझीलंडला एकसंध लिखित संविधान नाही. संसदेने केलेला कायदा तिथलं कुठलंही न्यायालय रद्द करू शकत नाही. तरीही मूळ निवासींच्या हक्कांचा विषय निघाला की या देशाचं नाव आदराने घेतलं जातं. हे जमतं कसं? आणि तिथल्या संसदेतल्या माओरी जागा म्हणजे आपल्याकडच्या अनुसूचित जमातींच्या राखीव जागाच का?

मी बरीच वर्षं वेलिंग्टनमध्ये वकिली करतो. कामाचा मोठा भाग इवींच्या, म्हणजे माओरी जमातींच्या, राज्याविरुद्धच्या दाव्यांचा असतो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे : नाही, आणि फरक बराच आहे. पहिल्याचं उत्तर असं, की कागदावर बघाल तर हे हक्क संसदेच्या मर्जीवरच आहेत. १२३ पैकी ६२ खासदारांनी मनावर घेतलं तर त्यांतले बहुतेक हक्क उद्या काढून घेता येतील. मात्र तसं करण्याची राजकीय किंमत गेल्या पन्नास वर्षांत फार वाढली आहे. ती कुठे कुठे मोजावी लागते, हे समजलं की ही व्यवस्था समजते.

आधी संसदेबद्दल. सभागृह एकच. वरचं सभागृह, म्हणजे विधान परिषद, १९५० च्या कायद्याने मोडीत काढलं. मुदत तीन वर्षांची. राजाच्या वतीने गव्हर्नर-जनरल सही करतात आणि ती नाकारली जात नाही. १९८६ चा संविधान कायदा, १९९० चा बिल ऑफ राइट्स आणि १९९३ चा निवडणूक कायदा यांना घटनात्मक म्हटलं जातं खरं, पण ते साध्या बहुमताने बदलता येणारे कायदे आहेत. निवडणूक कायद्याने संरक्षण दिलेली मोजकी कलमं तेवढी वेगळी : संसदेची मुदत, मतदानाचं वय, गुप्त मतदान वगैरे. ती बदलायला ७५ टक्के खासदार किंवा सार्वमत लागतं. माओरी जागांचं कलम त्या यादीत नाही. ते साध्या बहुमताने जाऊ शकतं. बिल ऑफ राइट्स तर स्वतःच सांगतो, की या कायद्याशी विसंगत म्हणून न्यायालयाने दुसरा कायदा रद्द करू नये. १९७३ च्या केशवानंद भारती निकालावर वाढलेल्या आपल्या वकिलांना हे ऐकून चुकल्यासारखं वाटतं. इथे 'मूलभूत संरचना', म्हणजे संसदेलाही न बदलता येणारा घटनेचा गाभा, नाही. शिवाय सरकारने 'तातडी' मंजूर करून घेतली, तर विधेयक दोन दिवसांत कायदा होऊन बाहेर पडतं.

एक लगाम मात्र आहे. १९९६ पासून प्रमाणबद्ध प्रतिनिधित्वाने निवडणूक होते : एक मत मतदारसंघासाठी, दुसरं पक्षाला, आणि जागा पक्षमतांच्या प्रमाणात. तेव्हापासून एका पक्षाला निर्भेळ बहुमत मिळालं ते फक्त २०२० मध्ये. बाकी सगळी सरकारं आघाडीची किंवा बाहेरच्या पाठिंब्यावरची. हा मुद्दा ध्यानात ठेवा, पुढे तो दोनदा कामाला येईल.

आता करार. ६ फेब्रुवारी १८४० रोजी बे ऑफ आयलंड्समधल्या वाइतांगी इथे ब्रिटिश राजसत्तेच्या वतीने विल्यम हॉब्सन आणि माओरी सरदार यांच्यात तो झाला. नंतरच्या महिन्यांत देशभर फिरून एकूण पाचशेहून जास्त सरदारांच्या सह्या घेतल्या गेल्या, त्यांतल्या बहुतेक सगळ्या माओरी भाषेतल्या मसुद्यावर. इंग्रजी मसुद्यात सरदार सार्वभौमत्व राणीला देतात. माओरी मसुद्यात ते राणीला कारभार देतात, आणि जमिनी, गावं व आपला ठेवा यांवरचा पूर्ण अधिकार स्वतःकडे ठेवतात. वादाची सगळी मुळं तिथे आहेत. २०१४ मध्ये वाइतांगी न्यायाधिकरणाने (माओरींचे राज्याविरुद्धचे दावे तपासणारी संस्था, तिच्याबद्दल पुढे) उत्तरेकडच्या इवींच्या चौकशीत असा निष्कर्ष काढला, की १८४० मध्ये सही करणाऱ्या तिथल्या सरदारांनी सार्वभौमत्व सोडलंच नव्हतं. सरकारने ताबडतोब सांगितलं, की राज्याच्या सार्वभौमत्वाबद्दल शंका नाही. दोन्ही विधानं आजही शेजारी शेजारी उभी आहेत आणि देश चालू आहे.

न्यायालयांनी कराराचं काय केलं? १८७७ मध्ये, वी पाराता खटल्यात, मुख्य न्यायाधीश प्रेंडरगास्ट यांनी करार कायद्याच्या दृष्टीने शून्य ठरवला. १९४१ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या अंतिम अपील न्यायालयाने, ते हेउहेउ तुकिनो यांच्या खटल्यात जरा सभ्य भाषेत नियम घालून दिला : संसदेने करार कायद्यात उतरवला असेल तेवढाच तो न्यायालयात चालेल. पहिला निकाल आज कुणी अभिमानाने सांगत नाही, पण दुसऱ्याचा गाभा अजून जिवंत आहे. त्यामुळे माझ्यासारख्याकडे पक्षकार आला की पहिला प्रश्न तोच : संबंधित कायद्यात कराराचा उल्लेख आहे का, आणि असेल तर कोणत्या शब्दांत?

मधल्या काळात जमीन गेली. १८६० च्या दशकातल्या युद्धांनंतर १८६३ च्या कायद्याखाली जप्ती आली. एकट्या वाइकातोमध्ये सुमारे १२ लाख एकर. जप्तीतून वाचलेल्या जमिनीचं काम १८६५ मध्ये आलेल्या नेटिव्ह लँड कोर्टाने केलं. सामाईक मालकी फोडून व्यक्तींच्या नावावर दाखले दिले की विक्री सोपी होते. आज माओरी जमीन म्हणून नोंदलेलं क्षेत्र देशाच्या सुमारे पाच टक्के आहे. लोकसंख्येत माओरी जवळजवळ अठरा टक्के आहेत.

कलाटणी आली १९७५ मध्ये. फिना कूपर या वयोवृद्ध बाई उत्तर टोकाच्या ते हापुआहून वेलिंग्टनपर्यंत मोर्चा घेऊन चालत आल्या. त्याच वर्षी माओरी व्यवहार मंत्री मातिऊ राता यांच्या पुढाकाराने वाइतांगी न्यायाधिकरण स्थापन झालं. सुरुवातीला त्याला १९७५ नंतरच्याच सरकारी कृतींची चौकशी करता येत होती, म्हणजे मूळ तक्रारी सगळ्या बाहेर. १९८५ च्या दुरुस्तीने दार १८४० पर्यंत उघडलं आणि मग खरी गर्दी झाली. दाव्यांना 'वाई' क्रमांक मिळतात. ते तीन हजारांच्या पुढे गेले आहेत.

न्यायाधिकरण हे न्यायालय नाही, हे मला दर वेळी नवीन लोकांना समजावून सांगावं लागतं. ते चौकशी करतं, मराएवर, म्हणजे जमातीच्या सभास्थानी, जाऊन वृद्धांच्या साक्षी घेतं, इतिहासकारांचे अहवाल मागवतं आणि शेवटी शिफारस करतं. काही सरकारी जमिनी आणि वनजमिनी यांच्यापुरता बंधनकारक आदेश देण्याचा अधिकार आहे, पण तो क्वचित वापरला जातो. बाकी अहवाल मंत्र्यांच्या टेबलावर जातो, आणि मंत्र्यांनी बाजूला ठेवला तर तसाच राहतो. मग उपयोग काय? उपयोग असा, की राज्याने काय केलं याची अधिकृत नोंद तयार होते आणि ती नाकारत बसणं सरकारला अवघड जातं. तारानाकीमधल्या मोतुनुई इथला १९८३ चा अहवाल घ्या. एका इंधन प्रकल्पाचं सांडपाणी ते आतिआवा जमातीच्या शिंपल्यांच्या खडकांवर सोडायचं घाटत होतं. सरकारने आधी शिफारस झिडकारली आणि गलका झाल्यावर माघार घेतली.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रसंग १९८६-८७ चा, त्यामुळे त्यावर जरा जास्त बोलतो. लेबर सरकार त्या वेळी सरकारी खात्यांच्या कंपन्या करत सुटलं होतं : जंगलं, कोळसा, जमीन, टपाल. जमीन एकदा कंपनीकडे आणि तिथून खासगी हातात गेली, की न्यायाधिकरणाने परत द्या म्हटलं तरी परत द्यायला उरणार काय? उत्तरेकडच्या दावेदारांनी हीच भीती न्यायाधिकरणापुढे मांडली, न्यायाधिकरणाने घाईने अंतरिम अहवाल सरकारला दिला आणि विधेयकात ऐन वेळी कलम ९ घुसलं. एका वाक्याचं कलम : या कायद्यातल्या कशामुळेही राज्याला वाइतांगी कराराच्या तत्त्वांशी विसंगत वागण्याची मुभा मिळत नाही. ज्यांनी ते घातलं, त्यांतल्या बहुतेकांना ते शोभेचं वाटलं असावं असा माझा तर्क आहे. पण न्यू झीलंड माओरी कौन्सिल ते घेऊन न्यायालयात गेली. जून १९८७ मध्ये कोर्ट ऑफ अपीलच्या पाचही न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं, की हे कलम इतर सगळ्या कायद्यावर कडी करतं आणि जमिनींचं हस्तांतर योग्य संरक्षणाशिवाय होऊ शकत नाही. अध्यक्ष रॉबिन कुक यांनी राज्य आणि माओरी यांचं नातं भागीदारीसारखं आहे, दोघांनी परस्परांशी पूर्ण सद्भावाने वागलं पाहिजे, अशी मांडणी केली. दोन्ही पक्षांना एकत्र बसून तोडगा काढायला लावला गेला आणि १९८८ मध्ये त्याचा कायदा झाला : अशा जमिनींच्या दाखल्यावर नोंद राहील, आणि न्यायाधिकरणाने सांगितलं तर त्या परत घेता येतील, मग मधल्या काळात कुणीही विकत घेतलेल्या असोत.

इथे नीट बघा काय झालं. संसदेचं सर्वोच्चत्व कुणी नाकारलं नाही. न्यायालयाने संसदेचेच शब्द गंभीरपणे घेतले, एवढंच. तेव्हापासून मसुदा करणारे सरकारी वकील या वाक्यावर तासन् तास घालवतात. १९८७ च्या संवर्धन कायद्यात कराराच्या तत्त्वांना 'परिणाम द्यावा' असं आहे. १९९१ च्या संसाधन व्यवस्थापन कायद्यात ती फक्त 'विचारात घ्यावीत' असं. ऐकायला सारखंच वाटतं, पण व्यवहारात जमीन-अस्मानाचं अंतर. पहिल्या शब्दांच्या जोरावर २०१८ मध्ये ऑकलंडजवळच्या रांगितोतो आणि मोतुतापु बेटांवरच्या पर्यटन परवान्यांचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फेरविचारासाठी परत पाठवला. संवर्धन खात्याने तिथल्या इवीचा दावा पुरेसा तोललाच नव्हता. दुसऱ्या शब्दांवर अनेक इवी हरल्या आहेत. २०२३ मध्ये आलेल्या आघाडी सरकारने जुन्या कायद्यांतल्या अशा उल्लेखांची छाननी करून ते काढावेत किंवा नेमके करावेत असं आपल्या करारनाम्यात लिहून घेतलं. वर्तमानपत्रांत त्याला कमी जागा मिळाली. माझ्या लेखी ती त्या सरकारच्या काळातली सर्वांत दूरगामी गोष्ट ठरू शकते.

आता जागा. १८५२ च्या कायद्याने मताधिकार मालमत्तेवर दिला होता. माओरींची जमीन सामाईक, म्हणून बहुतेकांना मत नाही. १८६७ मध्ये चार माओरी जागा निर्माण झाल्या. पाच वर्षांसाठीची तात्पुरती सोय होती, ती १८७६ मध्ये कायम झाली. या जागांसाठी २१ वर्षांवरच्या सर्व माओरी पुरुषांना मत मिळालं, मालमत्तेची अट नाही. गोऱ्या पुरुषांना तसं मत १८७९ मध्ये मिळालं. औदार्य म्हणायचं तर थांबा : लोकसंख्येच्या मानाने तेव्हा चौदा-पंधरा जागा व्हायला हव्या होत्या, आणि तो चाराचा आकडा सव्वाशे वर्षं हलला नाही. गोऱ्यांचं मतदान १८७० पासून गुप्त होतं, माओरी मतदारसंघांत ते १९३८ मध्ये गुप्त झालं. १९६७ पर्यंत बहुतेक माओरींना सामान्य मतदारसंघात उभंसुद्धा राहता येत नव्हतं.

१९८६ च्या निवडणूक आयोगाने (रॉयल कमिशन) प्रमाणबद्ध पद्धत आणा आणि माओरी जागा बंद करा, असं सुचवलं. माओरींनी कडाडून विरोध केला. पद्धत आली, जागा राहिल्या, आणि १९९३ च्या कायद्याने त्यांची संख्या माओरी यादीवर किती लोक आहेत त्यावर अवलंबून ठेवली. १९९६ मध्ये पाच, १९९९ मध्ये सहा, २००२ पासून सात. मतदारसंघ अवाढव्य आहेत. ते ताई तोंगा हा एकच मतदारसंघ अख्खं दक्षिण बेट, स्ट्युअर्ट बेट, चॅथम बेटं आणि वरून वेलिंग्टनचा काही भाग एवढा पसरला आहे.

आपल्याकडच्या राखीव जागांशी तुलना इथे करू. लोकसभेत अनुसूचित जमातींच्या ४७ जागा आहेत, महाराष्ट्र विधानसभेत २५. तिथे उमेदवार आदिवासी असतो, मतदार मात्र सगळेच. नंदुरबारमध्ये किंवा गडचिरोलीत बिगरआदिवासी मतदारही खासदार ठरवतात. न्यूझीलंडमध्ये बरोबर उलटं आहे. माओरी जागेवर उमेदवार कोणत्याही वंशाचा असू शकतो, कायदा अडवत नाही. मत मात्र माओरी यादीत नाव असलेल्यांनाच. म्हणजे १९३२ मध्ये येरवड्याला पुणे करार होण्याआधी डॉ. आंबेडकर दलितांसाठी जे स्वतंत्र मतदारसंघ मागत होते, त्या प्रकारची ही व्यवस्था. त्यात एक गोष्ट आपल्या इतिहासात कधीच नव्हती. कोणत्या यादीत राहायचं हे माओरी वंशाची व्यक्ती स्वतः ठरवते. वंशाचा दाखला लागत नाही, स्वतःचं निवेदन पुरतं. पूर्वी यादी बदलायची संधी पाच-सहा वर्षांतून एकदा यायची. २०२३ पासून सार्वत्रिक निवडणुकीआधीचे तीन महिने आणि तत्सम काही काळ सोडता केव्हाही बदलता येते. पक्षाला द्यायचं दुसरं मत दोन्ही यादीवाल्यांना सारखंच.

या रचनेमुळे काय होतं ते २०२३ च्या निकालात दिसलं. ते पाती माओरी या पक्षाला देशभरात जेमतेम तीन टक्के पक्षमतं मिळाली, त्या हिशेबाने चार जागा. पण सातपैकी सहा माओरी मतदारसंघ त्यांनी जिंकले, म्हणून संसदच दोन जागांनी फुगली. एका मतदारसंघाची निवडणूक उमेदवाराच्या मृत्यूमुळे पुढे गेली होती, ती धरून १२३. म्हणजे मतदारसंघ न जिंकणाऱ्या पक्षाला जागांसाठी जो पाच टक्के पक्षमतांचा उंबरठा ओलांडावा लागतो, तो या स्वतंत्र आवाजाला आडवा येत नाही. सगळ्या माओरी खासदारांचं मत एक असतं असं मात्र समजू नका. न्यूझीलंड फर्स्ट पक्षाचे विन्स्टन पीटर्स माओरी आहेत, आणि ज्यांनी करारविषयक वादग्रस्त विधेयक (त्याबद्दल पुढे) आणलं ते ॲक्ट पक्षाचे डेव्हिड सीमोरही नगापुही वंशाचे आहेत. सामान्य मतदारसंघांतून आणि पक्षयाद्यांमधून येणारे माओरी खासदार सात राखीव जागांपेक्षा कितीतरी जास्त आहेत.

कराराच्या उल्लंघनाची भरपाई हा माझ्या रोजच्या कामाचा भाग. प्रक्रिया लांबलचक आहे : जमातीने वाटाघाटीसाठी कुणाला अधिकार दिला ते ठरवायचं (यातच वर्षं जातात आणि भावाभावांत तुटतं), मग तत्त्वतः करार, मग अंतिम करारपत्र, त्यावर जमातीच्या सर्व नोंदणीकृत प्रौढांचं मतदान, आणि सगळ्यात शेवटी संसदेत विधेयक. त्या कायद्याच्या मजकुरातच राज्याची क्षमायाचना असते, माओरीत आणि इंग्रजीत. कोणत्या साली कुणाची जमीन कशी घेतली, कोण मेलं, हे कलमांत लिहिलेलं असतं. तिसऱ्या वाचनानंतर प्रेक्षक सज्ज्यातून जमात गाणं म्हणते आणि सभापती थांबवत नाहीत. वाइकातो-ताइनुईच्या १९९५ च्या कायद्यावर राणी एलिझाबेथनी वेलिंग्टनमध्ये स्वतः सही केली. रक्कम १७ कोटी डॉलर. १९९८ मध्ये दक्षिण बेटाच्या नाई ताहूंनाही तेवढीच. मोठी वाटते ना? गेलेल्या जमिनीच्या किमतीचा तो अगदी छोटा अंश आहे, आणि दोन्ही बाजूंना ते ठाऊक होतं. म्हणून त्या दोन्ही जमातींनी अट घालून घेतली : देशभरातल्या एकूण भरपाईने ठरावीक मर्यादा ओलांडली, तर आम्हाला त्याच्या प्रमाणात वाढीव द्यायचं. ती मर्यादा ओलांडली गेली आणि पैसे मिळतही आहेत. सर्वांत मोठी जमात, नगापुही, हिच्याशी मात्र अजून तडजोड झालेली नाही.

व्हांगानुई नदीचा २०१७ चा कायदा तुम्ही वाचला असेल. नदीला कायदेशीर व्यक्तिमत्त्व, तिच्या वतीने बोलायला दोन माणसं, एक राज्याने नेमलेला आणि एक इवींनी. भरपाई ८ कोटी डॉलर, शिवाय नदीच्या आरोग्यासाठी ३ कोटींचा निधी. भारतात ही बातमी पर्यावरणाची म्हणून पोचली. त्याच मार्चमध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा-यमुनेला व्यक्ती ठरवलं, आणि हिमनद्यांबाबतच्या पुढच्या निकालात न्यूझीलंडच्या 'ते उरेवेरा' या वनप्रदेशाला व्यक्तिमत्त्व देणाऱ्या कायद्याचा आधार घेतला. गंगा-यमुनेच्या आदेशाला सर्वोच्च न्यायालयाने जुलैमध्ये स्थगिती दिली. दोन्हींत फरक हा, की व्हांगानुईचा कायदा म्हणजे शंभराहून अधिक वर्षं चाललेल्या हक्काच्या भांडणाची तडजोड होती. मालकी राज्याला सोडायची नव्हती आणि जमातीला राज्याची मालकी मान्य नव्हती. नदी स्वतःचीच, हा दोघांना चालणारा मार्ग निघाला. मागे कुणी दावेदार नसता तर ते कलम कुणी लिहिलं नसतं.

आता पहिल्या प्रश्नाचा कठीण भाग : संसद उलटली तर?

उलटली आहे. २००३ मध्ये नाती आपा खटल्यात कोर्ट ऑफ अपीलने एवढंच म्हटलं, की समुद्रकिनारा आणि समुद्रतळ यांवर माओरींचा परंपरागत हक्क आहे का हे माओरी लँड कोर्ट तपासू शकतं. समुद्रकिनारे हातचे जाणार अशी ओरड झाली. २००४ मध्ये लेबर सरकारने कायदा करून किनारा राज्याच्या नावे केला आणि त्याची परंपरागत मालकी न्यायालयातून मिळवायचा मार्गच बंद केला. लिखित संविधान असतं तर कदाचित हे टिकलं नसतं. इथे टिकलं. पण किंमत बघा. मे महिन्यात वेलिंग्टनला हजारोंचा मोर्चा, तारियाना तुरिया या मंत्र्यांनी पक्ष सोडून पोटनिवडणूक लढवली, नवा माओरी पक्ष (आजचा ते पाती माओरी) जन्माला आला, २००५ मध्ये त्याने चार माओरी जागा जिंकल्या. २००८ मध्ये नॅशनल पक्षाने सरकार बनवताना त्यांचा पाठिंबा घेतला, आणि त्या सौद्यात २००४ चा कायदा गेला. २०११ चा नवा कायदा आला. माओरींना तोही अपुरा वाटतो. १८४० पासून अखंड आणि अनन्य वहिवाट सिद्ध करायची कसोटी कडक आहे. न्यायालयांनी ती थोडी सैल करताच २०२३ मध्ये आलेल्या आघाडी सरकारने २०२५ मध्ये पुन्हा आवळली. म्हणजे न्यायालय, संसद, मतपेटी, परत संसद असा हा फेरा आहे, आणि तो संपलेला नाही.

न्यायाधिकरणालाही संसद अशीच वळसा घालू शकते. माओरी आरोग्य प्राधिकरण २०२२ मध्ये सुरू झालं होतं. ते बंद करण्याविरुद्धच्या दाव्याची तातडीची सुनावणी फेब्रुवारी २०२४ च्या शेवटी ठेवली होती. सुनावणीच्या आदल्या दिवसांत सरकारने विधेयक मांडून तातडीने मंजूर केलं. विधेयक सभागृहात आलं की न्यायाधिकरणाचा त्यावरचा अधिकार थांबतो, असं त्याच्या मूळ कायद्यातच आहे. कायदा झाल्यावर पुन्हा चौकशी करता येते. ती झाली, कराराचा भंग झाला असा निष्कर्षही आला, पण तोपर्यंत कार्यालय बंद झालेलं होतं.

आणि मग करार-तत्त्वांचं विधेयक. १९८७ पासून न्यायालयांनी आणि न्यायाधिकरणाने घडवलेल्या 'तत्त्वां'च्या जागी संसदेने तीन तत्त्वं ठरवून द्यावीत, असं ॲक्ट पक्षाने सुचवलं. आघाडीच्या करारात नॅशनलने फक्त पहिल्या वाचनापर्यंत पाठिंबा कबूल केला होता. १४ नोव्हेंबर २०२४ ला पहिलं वाचन झालं तेव्हा हाना-राफिती माइपी-क्लार्क या तरुण खासदाराने विधेयकाची प्रत फाडून 'हाका', म्हणजे माओरींचा आवेशपूर्ण सामूहिक नृत्यघोष, सुरू केला. ते चित्र जगाने पाहिलं. त्या आणि त्यांच्या पक्षाचे दोन नेते पुढे निलंबित झाले, नेते तब्बल २१ दिवसांसाठी. पाच दिवसांनी संसदेसमोर जमलेला मोर्चा पोलिसांच्या अंदाजाने ४२ हजारांचा होता. मला विचाराल तर निर्णायक काम हाकापेक्षा समितीच्या खोलीत झालं. प्रवर समितीकडे तीन लाखांहून जास्त निवेदनं आली, त्यांतली सुमारे ९० टक्के विरोधात. त्यांत निवृत्त न्यायाधीश होते, माजी मंत्री होते, शाळेतली मुलं होती. १० एप्रिल २०२५ ला दुसऱ्या वाचनात विधेयक ११ विरुद्ध ११२ असं पडलं. कुठल्याही न्यायालयाला त्यात हात घालावा लागला नाही, आणि घालताही आला नसता.

माझं मत विचारलंत म्हणून सांगतो : भारतासारखं न्यायालयीन कवच इथे असावं का, यावर माओरी वकिलांतही एकमत नाही. कवच आलं की त्याचा अर्थ लावणारे न्यायाधीश आले, आणि १८७७ चा निकाल न्यायाधीशानेच दिला होता. आपल्याकडे पेसा (आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) आणि वनहक्क कायदा हे दोन्ही कागदावर भक्कम आहेत. गडचिरोलीत ग्रामसभेला सामूहिक हक्क मिळवायला काय काय करावं लागलं, हे तिथल्या कुणालाही विचारा. माझा कल तरीही माओरी जागांचं कलम ७५ टक्क्यांच्या यादीत घालावं याकडे आहे. ज्या जागांच्या जोरावर बाकी सगळं राखलं जातं, त्याच साध्या बहुमतावर सोडणं मला धोक्याचं वाटतं.

शेवटी ऑकलंड-वेलिंग्टनच्या मराठी मंडळींसाठी व्यवहाराचं. इथे मत द्यायला नागरिकत्व लागत नाही. कायम निवासी असाल आणि सलग बारा महिने राहिला असाल, तर नोंदणी करता येते. तुमचं नाव सामान्य यादीतच जाईल, त्यामुळे माओरी जागांवर तुमचं मत नाही, पण सरकार कोण बनवतं यावर आहे. समितीला निवेदन पाठवायला तर कायम निवासी असण्याचीही अट नाही. संसदेच्या संकेतस्थळावर विधेयकाच्या पानावर जायचं, दोन परिच्छेद लिहायचे, तोंडी बोलायचं असेल तर तशी खूण करायची. मुदत साधारण चार ते सहा आठवडे असते. तातडीत घेतलेल्या विधेयकाला बहुधा तेवढीही मिळत नाही.